मोटारीचे वय आणि मोटारीची वही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वीस वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणीचे नूतनीकरण महागल्यावर आपल्या पानांवर त्याची बरीच चर्चा झाली. जुन्या आलिशान गाड्या बाळगणारे लोक पैसेवाले असतात, तेव्हा त्यांच्या हौसेची झळ इतरांनी का सोसावी, हा मुद्दा त्या चर्चेत वारंवार आला. शुल्कवाढीविरुद्ध गाऱ्हाणे मांडण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. पाच वर्षांसाठी दहा हजार रुपये ही रक्कम माझ्यासारख्या निवृत्त माणसाला जाणवते, पण ती अन्यायाची आहे असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. गाडी रस्त्यावर येण्याच्या लायकीची आहे की मोडीत घालण्याच्या, याचा अंदाज तिच्या जन्मवर्षावरून बांधण्याची सवय आपल्या नियमांना जडली आहे, आणि त्यामुळे गाडीची निगा राखणारा आणि ती वाऱ्यावर सोडणारा असे दोघेही एकाच रांगेत उभे केले जातात.

या विषयात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्याकडे १९९५ सालची मर्सिडीझ-बेंझ ई २२० आहे. जाणकार तिला डब्ल्यू १२४ म्हणून ओळखतात. शेजारीपाजारी तिला परदेशी गाडी म्हणतात, पण ती जुळवली गेली पिंपरीत, मी ज्या कारखान्यात नोकरी केली तिथून सायकलच्या अंतरावर. १९९४ मध्ये जर्मन कंपनीने टेल्कोबरोबर, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सबरोबर, भागीदारी केली आणि पुढच्याच वर्षी टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९ मध्ये आला. आलिशान म्हणवल्या जाणाऱ्या परदेशी बनावटीच्या मोटारी भारतात जुळवण्याची सुरुवात अशी आमच्या परिसरात झाली. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासात या गाडीला निदान एका ओळीची जागा असायला हरकत नाही.

मी ती २०११ मध्ये घेतली, तिसरा मालक म्हणून, आणि तेव्हाच्या नव्या छोट्या मोटारीहून कमी किमतीत. इथेच बहुतेक नवखे फसतात. आलिशान गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. गाडी पाचव्या हिश्शाच्या दरात मिळाली म्हणून तिचा वॉटर पंप काही पाचव्या हिश्शाच्या दरात मिळत नाही. शिवाय पहिल्या मालकाने हौसेने वापरलेली, दुसऱ्याने मिरवलेली आणि शेवटची दोन-तीन वर्षे ऑइलवाचून रेटलेली गाडीच बहुधा तिसऱ्याच्या दारात येते. त्यामुळे माझ्यासारख्या खरेदीदारांचे दोन प्रकार होतात. काही जण वर्षभरात कंटाळून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लावून ठेवतात आणि उंदीर तिचे वायरिंग खातात. उरलेले कुठल्या तरी हौशी मंडळात जाऊन पडतात. मी दुसऱ्यांपैकी आहे, पण पहिल्यांपैकी होण्यापासून थोडक्यात वाचलो.

घेतल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात साताऱ्याहून परतताना खंबाटकी घाटात गाडी बंद पडली. दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बंद पडली. एका नावाजलेल्या वर्कशॉपने एकामागून एक तीन सेन्सर बदलले, प्रत्येक वेळी नवे बिल हातात दिले आणि शेवटी इंजिनाचा कंट्रोल युनिटच गेला असावा असा निर्वाळा दिला. त्या युनिटची किंमत ऐकून मी गाडी विकायला काढली. तेवढ्यात पुण्यातल्या एका छोट्या क्लबची ओळख झाली. तीस-पस्तीस सदस्यांच्या या क्लबाला कार्यालय नाही आणि फलकही नाही. तिथल्या एका ज्येष्ठ सदस्याने आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढले होते. त्यांनी कोणतेही यंत्र न जोडता फक्त इंजिनावरून जाणाऱ्या वायरिंगचे काळे वेष्टण बोटभर उघडले, आणि आतल्या तारांवरचे आवरण बिस्किटासारखे चुरून त्यांच्या तळहातावर पडले.

हा दोष माझ्या गाडीपुरता नव्हता. साधारण १९९२ ते १९९५ या काळातल्या या कंपनीच्या कित्येक इंजिनांच्या वायरिंगला असे आवरण वापरले गेले होते की ते बॉनेटखालच्या उष्णतेने काही वर्षांत ठिसूळ होऊन गळून पडते. उघड्या तारा एकमेकींना टेकल्या की इंजिनाला चुकीचे संकेत जातात. मग ते कधी अडखळते, तर कधी बंदच पडते, आणि दोष शोधणाऱ्याला प्रत्येक वेळी वेगळाच सेन्सर बिघडलेला दिसतो. जगभरच्या डब्ल्यू १२४ मालकांना ठाऊक असलेली ही गोष्ट त्या वर्कशॉपला माहीत नव्हती. यात मी त्यांना फार दोष देत नाही. तिथे रोज येणाऱ्या गाड्या नव्या असतात आणि माझ्या गाडीची माहितीपुस्तिका पाहिलेला फिटर केव्हाच निवृत्त झालेला असतो. जर्मनीहून तयार हार्नेस, म्हणजे तारांचा पूर्ण जुडगा, मागवणे मला परवडणारे नव्हते. तेव्हा त्या सदस्यांनी आणि मी मिळून तीन रविवारांत एकेक तार मोजून, तिचा रंग टिपून, उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्या आवरणाच्या तारांनी तो सगळा जुडगा नव्याने विणला. त्यानंतर आजवर ती गाडी घाटात एकदाही थांबलेली नाही. चढावर मी तिला थांबू नकोस असे मनातल्या मनात सांगतो, ती सवय मात्र अजून गेलेली नाही.

क्लबाचे खरे काम असे असते, आणि ते बाहेरून दिसत नाही म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो. आमच्याकडे सुट्या भागांच्या क्रमांकांची एक यादी आहे, जी सदस्यांनी स्वतःच्या चुकांतून तयार केली आहे. या कंपनीच्या भागाच्या क्रमांकातले पहिले तीन आकडे तो भाग मुळात कशासाठी घडवला गेला ते सांगतात. १२४ ने सुरू होणारा भाग या मॉडेलचा, तर १११ ने सुरू होणारा तिच्या इंजिनाचा. पण मागच्या सस्पेन्शनचे बरेच भाग २०१ ने सुरू होतात, कारण प्रत्येक चाकाला पाच दांड्यांनी तोलून धरणारी ती रचना आधी १९८२ मध्ये आलेल्या १९० या धाकट्या मोटारीसाठी झाली होती, आणि तिचा कंपनीतला क्रमांक २०१. हे ज्याला ठाऊक नाही तो नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात ‘१२४ ची दांडी’ मागतो, ती नाही म्हणून सांगितले जाते, आणि मग कुठल्या तरी भलत्याच गाडीची दांडी कापून, वेल्डिंग करून बसवली जाते. अशी वेल्डिंग केलेली दांडी घेऊन द्रुतगती मार्गावर जाणारी गाडी मला धोक्याची वाटते, मग तिचे वय आठ वर्षे असो वा अठ्ठावीस.

प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना असलेल्या रबरी चकत्या, इंजिनाचे माउंट, पुढच्या कंट्रोल आर्मचे बुश अशा वस्तू आम्ही चार-पाच जणांची मागणी एकत्र करून मागवतो, म्हणजे टपालाचा आणि सीमाशुल्काचा बोजा वाटला जातो. स्प्रिंग दाबून काढण्याचे साधन क्लबात एकच आहे आणि ते घरोघर फिरते. स्प्रिंग चुकीच्या साधनाने काढली तर माणसाचा हात जाऊ शकतो, म्हणून ते कोणाला एकट्याने वापरू देत नाहीत. आणि प्रत्येक गाडीची एक वही असते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलले का, कूलंट केव्हा भरला, टायरवर छापलेल्या चार आकड्यांनुसार तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला, हे सगळे तीत तारीखवार लिहिलेले असते. ज्याची वही अपुरी, त्याची गाडी सहलीला येत नाही. एका डॉक्टर सदस्याची गाडी आमच्यात सर्वांत देखणी, पण टायर नऊ वर्षांचे निघाले म्हणून त्यांना महाबळेश्वरला दुसऱ्याच्या मागच्या सीटवर बसून यावे लागले. ते अजूनही त्याचा उल्लेख करतात.

सगळे क्लब असेच असतात असा माझा दावा नाही. रविवारी सकाळी लोणावळ्याला नाश्ता करायला जायचे, वाटेत वेग किती गाठला ते सांगायचे आणि पसंतीच्या नंबरांच्या किमती एकमेकांना ऐकवायच्या, एवढ्यावर समाधान मानणारी मंडळीही पुष्कळ आहेत, आणि सामान्य वाचकाच्या मनात अशा हौशींविषयी जी अढी आहे ती त्यांनीच निर्माण केली आहे. मुंबईत २०१४ पासून भरत आलेल्या मर्सिडीझच्या अभिजात गाड्यांच्या रॅलीत मला सगळ्यांत आवडते ते त्या गाड्यांच्या रंगाची चमक नव्हे, तर चाळीस-पन्नास वर्षांची इंजिने पहिल्या कळीला सुरू होतात ते. ती आपोआप सुरू होत नाहीत.

आता नियमांकडे येतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले, आणि ते चांगले आहेत. पन्नास वर्षांहून जुनी, सांगाड्यात, बॉडीत आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली मोटार राज्याच्या समितीने तपासल्यावर तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. पहिल्या नोंदणीला वीस हजार आणि फेरनोंदणीला पाच हजार रुपये पडतात, नोंदणी दहा वर्षे चालते. बदल्यात ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक ज्या दिमाखात येते तो पाहिलेल्या माणसाला असे नियम का हवेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

पण या चौकटीच्या बाहेर, वीस आणि पन्नास यांच्या मधल्या तीस वर्षांत, गाडीला कोणतेही स्थान नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. चारचाकीसाठी ते शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी दहा हजार झाले. आयात केलेल्या चारचाकीला हीच रक्कम ऐंशी हजार आहे. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. सरकारचा हेतू जुनी वाहने रस्त्यावरून कमी व्हावीत असा आहे आणि तो सरकारने लपवलेलाही नाही. मालवाहू ट्रक, भाड्याच्या जीप, काळा धूर ओकणारे टेम्पो यांच्या बाबतीत तो मला पूर्ण मान्य आहे. परंतु आज जी पन्नास वर्षांची म्हणून कौतुकाची ठरते ती गाडीही कधी काळी तिसाव्या वर्षातून गेली होती. तिसाव्या वर्षी तिला कोणी मोडीत घातले असते तर आज ‘व्हीए’ क्रमांक लावायला ती उरलीच नसती. मधली तीस वर्षे गाडी जगवायची कोणी, याचे उत्तर नियमात नाही. व्यवहारात ते उत्तर क्लबांतली माणसे स्वतःच्या खिशातून देत आहेत.

हीच गाडी ज्या देशात घडली तिथे काय होते ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षे पूर्ण केलेल्या आणि मूळ स्वरूपात सांभाळलेल्या मोटारीला क्रमांकाच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर मिळते. त्यासाठी मान्यताप्राप्त तज्ज्ञ गाडी तपासून लेखी अहवाल देतो आणि नंतरही दर दोन वर्षांची सुरक्षा तपासणी सुटत नाही. तपासणीत उतरलेल्या गाडीला इंजिन कितीही मोठे असले तरी वर्षाला सुमारे १९१ युरोचा ठरलेला कर पडतो आणि शहरांच्या प्रदूषण-नियंत्रित भागांतही प्रवेश मिळतो. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा हीदेखील ऐतिहासिक वाहनाची मर्यादा तीस वर्षे अशीच मानते, मात्र ते रोजच्या वाहतुकीचे साधन नसावे ही अट घालून. म्हणजे १९९५ मध्ये जर्मनीत रस्त्यावर आलेली डब्ल्यू १२४ आज तिथे जपण्याजोगा वारसा ठरू शकते, आणि त्याच वर्षी पिंपरीत जुळवलेली तिची बहीण आमच्याकडे भंगाराची उमेदवार म्हणून मोजली जाते.

प्रदूषणाचा आक्षेप मी टाळणार नाही. तीस वर्षांपूर्वीचे इंजिन आजच्या भारत स्टेज सहाच्या इंजिनाइतके स्वच्छ नाही आणि कितीही निगा राखली तरी तसे होणार नाही. जो क्लबवाला याउलट सांगतो तो स्वतःची फसवणूक करतो. पण हवेत किती धूर जातो हे इंजिनाच्या पिढीबरोबर गाडी किती धावते आणि कशी राखली जाते यावरही ठरते. माझी गाडी वर्षाला जेमतेम अडीच हजार किलोमीटर चालते; माझ्या इमारतीतली एखादी टॅक्सी तेवढे अंतर पंधरवड्यात कापते. शिवाय पीयूसीच्या निकषांत माझ्या गाडीच्या पिढीला कार्बन मोनॉक्साइडची तीन टक्क्यांपर्यंत मुभा आहे. ती मुभा फार सैल आहे, असे मी मालक असूनही म्हणतो. नीट राखलेल्या, इंधन इंजेक्शन असलेल्या आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शाबूत असलेल्या गाडीला त्याच्या कितीतरी आत राहता येते. सवलत हवी असलेल्या गाड्यांना अधिक कडक मर्यादा लावा, आमच्या क्लबाची त्याला ना नाही.

याच संदर्भात पेट्रोलविषयी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते, कारण ती केवळ आलिशान गाड्यांपुरती नाही. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. नव्वदच्या दशकातल्या गाड्यांच्या रबरी नळ्या, टाकीतले सील आणि पंपाचे भाग त्या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत, आणि जी गाडी महिनाभर उभी असते तिच्या टाकीत इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. आम्ही गेल्या दोन वर्षांत बहुतेक गाड्यांच्या इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवून घेतल्या, टाक्या अर्ध्या ठेवण्याऐवजी भरून ठेवू लागलो, आणि इंजेक्टरजवळ पेट्रोलचा वास आला की गाडी सुरू करायची नाही असा नियमच केला. गरम इंजिनावर ठिबकणारी नळी म्हणजे आगीला आमंत्रण. ज्यांच्याकडे क्लब नाही, ज्यांची जुनी गाडी चैनीची नसून गरजेची आहे, त्यांना हे कोण सांगणार? परिवहन कार्यालयांनी नूतनीकरणाच्या वेळी इंधनाच्या नळ्या तपासण्याचे एक कलम जरी घातले तरी अपघात टळतील.

नूतनीकरणाची तपासणी प्रत्यक्षात कशी होते हा वेगळ्याच पत्राचा विषय आहे. गेल्या खेपेस माझ्या गाडीचे दिवे, हॉर्न आणि चेसिस क्रमांक पाहण्यात मिळून चार मिनिटे गेली. तिचा एकच वायपर बाहेर-आत सरकत काच पुसतो, त्याचे कौतुक करण्यात निरीक्षकांची आणखी दोन. ब्रेक कोणी पाहिले नाहीत. वयाच्या बाबतीत इतकी काटेकोर असलेली व्यवस्था गाडीच्या प्रकृतीच्या बाबतीत इतकी उदार का असावी, हे मला समजलेले नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. तीस ते पन्नास वर्षांच्या, मूळ स्वरूपातल्या खासगी मोटारींसाठी ‘अभिजात’ असा एक मधला वर्ग राज्याच्या परिवहन विभागाने केंद्राकडे सुचवावा. त्यात वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा असावी आणि ती ओडोमीटरच्या नोंदीवरून पडताळली जावी. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायरचे वय आणि इंधनाच्या नळ्या यांची खरीखुरी तपासणी स्वयंचलित केंद्रात दर दोन वर्षांनी व्हावी, तिचे पूर्ण शुल्क मालकाने भरावे आणि धुराची मर्यादा आजच्यापेक्षा कडक असावी. शुल्कात सूट दिली नाही तरी चालेल. फक्त जी गाडी या सगळ्यातून उतरेल तिला केवळ वयाच्या कारणाने मोडीत पाठवण्याची टांगती तलवार नसावी, आणि तपासणी करणाऱ्याने तिच्या देखभालीची वही पुरावा म्हणून पाहावी, मग ती क्लबाने ठेवलेली असो वा मालकाने स्वतः. ही चाचणी जी गाडी पार करू शकणार नाही ती माझी असली तरी रस्त्यावरून उतरवावी.

आमच्या क्लबाच्या अकरा गाड्यांच्या वह्या, २०१२ पासूनच्या नोंदींसह, कोणत्याही रविवारी सकाळी परिवहन विभागाच्या अधिकाऱ्यांना पाहता येतील. असा मसुदा तयार करणाऱ्या कोणालाही त्या उपयोगी पडतील असे वाटते. टेलिफोन एक्स्चेंजमधले आमचे ते ज्येष्ठ सदस्य आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. वायरिंगचे त्यांनी हाताने काढलेले नकाशेही त्या वह्यांतच लावलेले आहेत, आणि ते समजावून सांगायला ते स्वतः येतील.

आपला नम्र,
एक वाचक
चिंचवड, पुणे